एकशे त्र्याहत्तर दाते

८ जानेवारी

गणित्या,

कार्ड मिळालं. आशीर्वाद नाहीत, खुशाली नाही, सही नाही. नुसतं ‘२५१०१ दिवस = ८५० महिने’. इतक्या वर्षांनी बहिणीला लिहिताना माणूस ‘ताई’ ही दोन अक्षरं तरी खरडतो. तू म्हणशील, आकडा मागितलास, आकडा दिला. फोनवर बोलता आलं असतं, पण तो तू उचलत नाहीस, म्हणून हा पत्रांचा उद्योग. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. तुझा आकडा फुटत नाही.

दाते कापायच्या माझ्या मशीनवर दोनशेपेक्षा जास्त दात्यांचं चाक बसत नाही, हे तुला माहीत आहे. मोठा आकडा आला की आम्ही त्याचे तुकडे करतो. बाराशे हवे असतील तर चाळीस आणि तीस अशी दोन चाकं एकापुढे एक लावायची, काम झालं. तुझ्या २५१०१ च्या अंकांची बेरीज नऊ आली तेव्हा मी खूश झाले होते. नऊने भागलं, २७८९ उरले. मग त्या २७८९ च्या मागे लागले. सात, अकरा, तेरा, काही नाही. सतराने भागलं, एक उरला. एक्केचाळीसने भागलं, पुन्हा एकच उरला. त्या एका एकापायी माझा जीव जायची पाळी आली. त्रेपन्नपाशी थांबले, कारण त्रेपन्नचा वर्ग त्याच्या पुढे जातो आणि मग शोधण्यात अर्थ नसतो, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणजे ही मूळ संख्या. हिचं चाक करायचं तर एकसंध, २७८९ दात्यांचं, आणि ते साडेपाच मीटर रुंद होईल. मनोऱ्यातली घड्याळाची खोली त्याच्या निम्मी आहे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

हे कशासाठी ते मागच्या पत्रात लिहिलं होतं, पण तू ते आकड्यापुरतंच वाचलेलं दिसतंय, तेव्हा पुन्हा सांगते. मनोऱ्याच्या घड्याळाखाली जी गोल खिडकी आहे, बाबांचा चंद्र जिच्यात फिरायचा, ती तू गेल्यापासून रिकामी आहे. अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा, अमावस्या ते अमावस्या अशा महिन्यात एक फेरा. आता पालिकेने घड्याळाची दुरुस्ती काढली आहे. त्यांचा इंजिनिअर तरुण आहे आणि अतिशय नम्रपणे छळतो. त्याचं म्हणणं, मार्चअखेर चंद्र बसवा, नाहीतर मी खिडकीवर लोखंडी पत्रा मारतो. शिवाय चंद्राला पुन्हा कधी कोणाचा हात लागता कामा नये. काम संपलं की मनोऱ्याची शिडी कुलपात जाणार.

बाबांनी जन्मभर चाकं कापली, पण सगळी दुसऱ्यांच्या घड्याळांची. स्वतःची म्हणावी अशी वस्तू त्यांनी एकच केली. तिच्या जागी पत्रा लागलेला त्यांनी बघावा, हे मला चालणार नाही. तुला चालत असेल तर तसं लिही, म्हणजे मी तुझ्या नादी लागायचं सोडते.

ताई

२४ जानेवारी

गणित्या,

दुसरं कार्ड मिळालं. ‘मग १४४७ दिवस = ४९ महिने घे.’ घेतला. सदतीसपर्यंत सगळ्यांनी भागून पाहिला. आधीच्यातून निदान नऊ तरी बाजूला काढता येत होते, हा तर डोक्यापासून पायापर्यंत मूळ संख्या आहे. तू माझी चेष्टा करतोयस का? कार्डावर टाकायच्या आधी तुला हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. शाळेत असताना तू घरांच्या नंबरांचे तुकडे करत चालायचास आणि आपल्याला रोज उशीर व्हायचा.

इकडे बाबांचं वेगळंच. त्यांचे गुडघे गेले, हात आणि जीभ शाबूत आहेत. लेथजवळच्या स्टुलावर बसून ते माझे भागाकार ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘एकोणसाठ घाल आणि मोकळी हो.’’ त्यांचं जुनं चाक एकोणसाठचंच होतं. एकोणसाठ दिवसांत दोन महिने, सुटसुटीत. चंद्र थोडा पुढे पळायचा, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत एक दिवसाने चुकायचा. पण तितके दिवस बाबा कुठे थांबत होते? दर सुट्टीत वर जायचे आणि गोळा बोटभर मागे घ्यायचे. मी त्यांना म्हटलं, आता शिडीच बंद होणार, मागे घ्यायला कोण जाईल? तर म्हणाले, शिडीला कुलूप लावणारा मोठा आला.

इंजिनिअरने तोडगा सुचवला की विजेची मोटर लावू, ती बरोबर फिरवेल. यावर बाबांनी त्याला विचारलं, मग चंद्र तरी कशाला, एक दिवा टांगा. तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

म्हणजे एकाला एकोणसाठशिवाय दुसरं काही पटत नाही आणि दुसऱ्याला पंचवीस हजार एकशे एकशिवाय. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत आहे. एकोणसाठ मी घालू शकत नाही आणि तुझा आकडा कापू शकत नाही.

मला जवळपासचा एखादा आकडा दे. किंचित चुकला तरी चालेल, पण त्याचे तुकडे व्हायला हवेत आणि एकही तुकडा दोनशेच्या वर नको. असे आकडे शोधायची रीत तुला येते, मला येत नाही. मी इथे गुणाकार करत बसले तर मार्च काय, पुढचा मार्चही पुरणार नाही. विनंती करतेय असं समज.

ताई

१० फेब्रुवारी

तुला कोणत्या नावाने हाक मारावी तेच कळत नाही, म्हणून मायना गाळला.

या वेळी चक्क वाक्यं लिहिलीस. मी पाकीट फोडताना खुळ्यासारखी खूश झाले होते. आणि आत काय? ‘जवळपासचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा. चुकीचा आकडा मी माझ्या हाताने लिहून देणार नाही. बाबांना चूक चालत होती, मला चालत नव्हती, म्हणून तर मी तिथे नाही.’ मजकूर संपला.

वाचून माझ्या हातातली कानस मी बाकावर आपटली. बाबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. तुम्हा दोघांच्या मधे उभं राहून ‘काही नाही’ म्हणायची माझी नोकरीच आहे, बिनसुट्टीची.

तू असं लिहिलंयस, जणू बाबांना बरोबर-चूक कळतच नव्हतं. घड्याळाच्या त्या समारंभाचा दिवस तुझ्या डोक्यात एका बाजूने गोठलाय. दुसऱ्या बाजूने मी उभी होते, तेव्हा ऐक. घड्याळाला नवा रंग दिला होता, खाली सगळं गाव जमलं होतं, बाबा नवा कोट घालून उभे होते. पाहुण्यांनी चंद्राचं कौतुक केलं आणि तू, कॉलेजातून दोन दिवसांपूर्वी आलेला, मोठ्याने म्हणालास की चंद्र एक दिवस पुढे आहे, चाकाचा आकडाच खोटा आहे, खरा आकडा मी काढलाय. लोक हसले. तू म्हणालास ते शंभर टक्के बरोबर होतं. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा जवळजवळ तीन वर्षं वर गेले नव्हते, आणि त्यांच्याऐवजी जो गेला असता तो लांब शिकत होता. हे तू का नाही सांगितलंस त्या पाहुण्यांना?

त्याच आठवड्यात बाबांनी कण्हत कण्हत शिडी चढून चंद्र उतरवला. म्हणाले, धाकट्याचा आकडा फिरेल तेव्हा लावू. तू म्हणालास, माझा आकडा फिरवून दाखवाल तेव्हा येईन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुमच्या दोघांच्या पिळात माझी पंचवीस वर्षं गेली. पोस्टमनला बघून दोन्ही बाजूंनी मान वळवणारे बाप-लेक मी सांभाळले, आणि आता त्या खिडकीवर पत्रा मारायची वेळ आली तरी तू मला तत्त्व शिकवतोयस.

मला राग आलाय. तो नीट शब्दांत लिहिता येत नाही, त्याचीही चीड येतेय. तुझा २५१०१ तुझ्यापाशी ठेव. बरोबर आहे, सुंदर आहे आणि कुणाच्या काही कामाचा नाही.

ताई

२७ फेब्रुवारी

गणित्या,

मिळालं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, खरं तर येईल असंच वाटलं नव्हतं.

‘२०७६० दिवस = ७०३ महिने. २०७६० = १२० × १७३. ७०३ = १९ × ३७. चूक आहे, पण फुटतो.’

तीनदा गुणून पाहिलं. मोठी चाकं दोन, एकशे वीस आणि एकशे त्र्याहत्तर. त्यांना फिरवणारी लहान चाकं एकोणीस आणि सदतीस. चारही माझ्या मशीनवर बसतात, चारही त्या खोलीत मावतात. खाली तू हिशेब दिलायस की चंद्र एका दिवसाने चुकायला चौदा हजार वर्षं लागतील. त्याखाली, जरा तिरक्या अक्षरात, की २५१०१ ला अवघे सहा भाजक आहेत आणि याला बत्तीस. ते तू का लिहिलंस? मला त्याचा काही उपयोग नव्हता. तुला तो आकडा शोधताना आवडायला लागला, असा मी अर्थ काढला. चुकला असेल तर दुरुस्त कर.

एवढं लिहायला तुला काय पडलं असेल ते मला कळतं. आभार मानत नाही, कारण पहिल्याच कार्डावर हे लिहिता आलं असतं आणि माझे दोन महिने वाचले असते.

बाबांना सांगितलं. कोणाचा आकडा आहे हे त्यांनी विचारलं, मी म्हटलं धाकट्याने दिलाय, पण हा त्याचा तो नव्हे आणि तुमचाही नव्हे. मग म्हणाले, बघू. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ तुला माहीत आहे, पण या वेळी ते खरंच उठून चष्मा शोधायला लागले.

आता अडचण एवढीच. दाते सारख्या अंतरावर कापायला मशीनवर तितक्या भागांची तबकडी लावावी लागते. एकशे वीस भागांची मशीनबरोबर आलेली आहे, एकोणीस आणि सदतीसही निघतात. एकशे त्र्याहत्तर पुन्हा मूळ संख्या, तिची तबकडी कोण देणार? बाबा म्हणाले, जुनी रीत करू. कागदाची लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर कंपासने सारखे भाग पाडायचे, पट्टी मशीनच्या गोल ड्रमभोवती टोकाला टोक भिडवून चिकटवायची आणि एकेक खूण बघत दाते कापायचे. भाग पाडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. खिडकीपाशी बसून कंपास चालवतात, मधेच मला हाका मारून प्रकाश अडवू नको म्हणतात. इतक्या मुकाट्याने कामाला लागलेले मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

ताई

१२ मार्च

गणित्या,

हात टेकले मी. तुमच्या दोघांपुढे, पितळेपुढे, सगळ्यापुढे.

तीन चाकं उत्तम झाली. चौथं, एकशे त्र्याहत्तरचं, बाबांच्या पट्टीवरून कापलं, दोन दिवस लागले. मशीनवरून उतरवून दाते मोजले. एकशे बहात्तर. पुन्हा मोजले, शाईची खूण करून मोजले. एकशे बहात्तर.

आमच्या धंद्यात ही चूक नवशिके करतात. एकशे त्र्याहत्तर भाग हवेत तर माणूस एकशे त्र्याहत्तर रेघा मारतो, पहिली आणि शेवटची धरून, आणि मधले भाग एकाने कमी भरतात. मला बाबांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की रेघा मोजू नकोस, मधली जागा मोज. आणि तोच माणूस. मला वाटलं, झालं, डोकंही चाललं आता. इतकं वाईट वाटलं की रागवायचं विसरले. चाक बाकावर ठेवलं आणि हळूच म्हटलं, बाबा, एक दाता कमी आलाय, मी पुन्हा कापते.

त्यांनी चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. ‘‘कापू नकोस. हेच बसव.’’

मी म्हटलं, याने चंद्र सहा महिन्यांतच दिवसभर पुढे जाईल. तुमच्या एकोणसाठपेक्षा वाईट.

‘‘जाऊ दे ना. वर्षातून दोनदा कोणीतरी वर जाईल.’’

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पट्टी त्यांनी मुद्दाम तशी केली होती. इतक्या मुकाट्याने कामाला लागले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. गणित्या, मी ओरडले. इंजिनिअर, पत्रा, मार्चअखेर, पितळ, माझे दोन दिवस, सगळं एका दमात. म्हटलं, चंद्र बरोबर चालावा असं तुम्हाला वाटतच नाही का? मी दमून थांबले तेव्हा ते बोलले.

‘‘चौदा हजार वर्षं चुकायचा नाही म्हणतो धाकटा. मग वर कोण जाईल? तो चुकत होता म्हणून मी पोराला घेऊन चढत होतो. खांद्यावर बसवायचो, तो गोळा मागे घ्यायचा. बरोबर चालला असता तर आम्ही दोघं कशाला गेलो असतो?’’

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

समारंभात तू चूक काढलीस म्हणून ते दुखावले, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तसं नव्हतं. ती चूक त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, त्यांनी ती ठेवली होती. आणि तू सगळ्यांसमोर असा आकडा घेऊन उभा राहिलास, ज्यात त्यांना वर जायचं कारणच उरत नव्हतं. हे त्यांनी तेव्हाच एका वाक्यात सांगितलं असतं तर? पण सांगतील ते बाबा कसले, आणि विचारशील तो तू कसला. मला तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून एकेक थोबाडीत द्यावीशी वाटते. वय झालं माझं, नाहीतर दिली असती.

पट्टी मी स्वतः पाडायला घेतली आहे. मधली जागा मोजून.

ताई

१९ मार्च

गणित्या,

चाक झालं. एकशे त्र्याहत्तर, बाबांनी स्वतः मोजले, मी सांगितलं नव्हतं. मोजून झाल्यावर चाक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, ठीक आहे. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

काल चारही चाकं वर बसवली. दिवसभर चालवून पाहिली, कुठे अडकत नाहीत. इंजिनिअर वाकून वाकून बघत होता, पत्र्याची ऑर्डर रद्द केली म्हणाला. गोळ्याला नवा रंग दिलाय आणि तो वर नेऊन ठेवलाय, पण अजून दांड्यावर घट्ट केलेला नाही. चाकांना चंद्र आज कितवा आहे ते कुठे माहीत असतं? पहिल्यांदा तो हातानेच लावावा लागतो. अमावस्या अठ्ठावीस तारखेला आहे. त्या दिवशी काळी बाजू समोर ठेवून गोळा घट्ट करायचा, पुढचं चाकं बघतील. त्यानंतर चंद्राला हात लावायची वेळ ना माझ्यावर येणार, ना तुझ्यावर. संध्याकाळी शिडी कुलपात.

तो हात बाबांना लावायचा आहे. एका जागी बसून आठवडाभर त्यांनी हेच लावून धरलंय. शिडी उभी आहे, वरचा टप्पा अरुंद आहे, आणि त्यांचा गुडघा एक पायरी चढत नाही. इंजिनिअर म्हणाला, माझी दोन माणसं देतो, खुर्चीत बसवून नेतील. बाबा म्हणाले, परक्यांच्या हातून मी त्या खोलीत जाणार नाही. मी विचारलं, मग कोणाच्या? तर लेथ पुसायला लागले, तो आधीच पुसलेला होता. ते तुला पत्र लिहिणार नाहीत, निरोप धाडणार नाहीत, तुझं नाव घेणार नाहीत. मी त्यांच्या वतीने काहीही सांगत नाहीये, तसा गैरसमज नको.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. तुझा आकडा फिरला तर येईन म्हणाला होतास आणि हा तुझा आकडा नाही, चौदा हजार वर्षांनी एका दिवसाने चुकणार आहे. बरोबर. त्यावर वाद घालायची माझ्यात ताकद उरलेली नाही. मी फक्त कामाचं लिहिते. अठ्ठावीसला सकाळी शिडी उघडेल. बाबांना खुर्चीसकट वर न्यायला दोन माणसं लागतात. एक मी आहे.

ताई